बारा व्होल्टला कोण घाबरतो?

(तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी)

फर्स्ट इयरला बेसिक इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये पहिल्याच दिवशी सर दम देतात, "दोनशे तीस व्होल्टला हात लावायचा नाही!" आपण मान डोलावतो, बोर्डापासून दोन फूट लांब उभे राहतो आणि त्या दिवसापासून एक समजूत डोक्यात पक्की करून घेतो की धोका म्हणजे व्होल्टेज. २३० म्हणजे वाघ आणि १२ म्हणजे मांजर. मांजराला कोण घाबरतो? दोन्ही हातांनी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल धरले तरी काही होत नाही, हे आपण सगळ्यांनी करून पाहिलेलं असतं.

मित्रांनो, गेल्या एप्रिलमध्ये या मांजराने माझ्या मामाची गाडी जवळजवळ खाल्ली होती. वायरिंग कुणी केलं होतं? अस्मादिकांनी! तेव्हा हा लेख म्हणजे अर्धा कबुलीजबाब आणि अर्धं भांडण. भांडण कुणाशी, ते पुढे येईलच.

आमचे मामा एस.टी.त ड्रायव्हर होते. आयुष्यभर दुसऱ्यांना त्यांच्या गावी सोडलं. निवृत्त झाल्यावर म्हणाले, "आता तुझ्या मामीला फिरवतो. लॉजबिज नको, गाडीतच झोपायचं." एक जुनी डिझेल व्हॅन घेतली. मागची सीटं काढून पलंग बसवला, पंखा, दोन दिवे आणि एक छोटा बारा व्होल्टचा फ्रीज. गाडीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. पण मामा नियमाचा माणूस, आर.टी.ओ.च्या खेपा घालून त्यांनी कागदपत्रं आधी रीतसर करून घेतली. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याचं कात्रणसुद्धा त्यांनी जपून ठेवलं आहे.

आता तो फ्रीज. तो थंड पाण्यासाठी नव्हता. मामीला इन्सुलिन लागतं. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशात ठेवाव्या लागतात, आणि एप्रिलमधलं कोकण म्हणजे काय हे सांगायला नको. म्हणजे गाडी रात्रभर बंद उभी असली तरी फ्रीज चालू राहिलाच पाहिजे. ही अट. बाकी सगळी हौस.

इंजिनाच्या बॅटरीवर फ्रीज लावला तर सकाळी सेल्फ मारायला बॅटरी उरत नाही. ती बॅटरी काही सेकंद शेकडो अँपिअर देण्यासाठी बनवलेली असते; रात्रभर हळूहळू उतरवली की तिचं आयुष्य संपतं. म्हणून मागे वेगळी बॅटरी हवी. आम्ही १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली. तिच्यात साधारण १२८० वॅट-अवर ऊर्जा बसते. फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू-बंद होत सरासरी पंचवीस वॅट धरला तर दिवसाचे सहाशे. म्हणजे दोन दिवसांची निश्चिंती. प्रश्न एवढाच की ही मागची बॅटरी गाडी चालताना भरायची कशी?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाड्यांचं वायरिंग करणारे एक काका बसतात. ते म्हणाले, "रिले टाक. इंजिन चालू झालं की दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जातील, बंद झालं की सुटतील. काम खतम." मी जरा गालात हसलो. इथे माझं खरंच बरोबर होतं, ते आधी सांगून घेतो. नंतर मार खायचाच आहे.

मागची बॅटरी साधी लेड-ॲसिडची असती, तर जुन्या गाडीत रिले पुरला असता. तसा तो हजारो गाड्यांत वर्षानुवर्षं चाललाही आहे. पण लिथियमचा अंतर्गत रेझिस्टन्स अगदी कमी. ती अर्धी रिकामी असताना सरळ डायनामोला जोडली तर मिळेल तेवढा करंट ओढत सुटते. डायनामो (पुस्तकात अल्टरनेटर, गॅरेजमध्ये डायनामोच!) कमी फेऱ्यांवर असताना त्याचा पंखाही हळू फिरतो, आणि नेमका तेव्हाच त्याच्यावर पूर्ण लोड येतो. तापून तापून तो जातो. शिवाय बॅटरीच्या आतल्या बी.एम.एस.ने मध्येच झटकन हात काढून घेतला, तर डायनामोचं व्होल्टेज उसळी मारतं आणि डायोड जायची भीती. नव्या गाड्यांत आणखी एक गंमत आहे. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. सहा आलं. तेव्हापासूनच्या अनेक गाड्यांत डायनामोचं व्होल्टेज कॉम्प्युटर ठरवतो. इंधन वाचवायला तो ते साडेबारापर्यंतही खाली आणतो. त्या व्होल्टेजला रिलेला वाटतं की इंजिन बंद आहे, आणि तो सुटतो.

यावर उपाय म्हणजे बॅटरी-टू-बॅटरी चार्जर. एका बाजूने पुढच्या बॅटरीचं कमी-जास्त व्होल्टेज घ्यायचं आणि दुसऱ्या बाजूने मागच्या बॅटरीला हवं तेवढंच, ठरलेल्या करंटने द्यायचं. थोडक्यात डीसी-टू-डीसी कन्व्हर्टर, वर चार्जिंगचं शहाणपण. मी तीस अँपिअरचा निवडला. म्हणजे पुणे-दापोली पाच तासांच्या प्रवासात रिकामी बॅटरीसुद्धा भरून निघाली असती. मामांनी न कुरकुरता पैसे मोजले. बॉक्स उघडला तेव्हा मीच जास्त खूश होतो.

काकांनी तेवढ्यात एकच प्रश्न विचारला होता, "वायर कुठली घालणार?"

मी म्हटलं, "बाराच व्होल्ट तर आहे, काका."

हे वाक्य माझ्या टर्मवर्कच्या फाइलवर लाल शाईने लिहून ठेवायला हवं.

घरी बांधकामातून उरलेली चार स्क्वेअरची घरगुती वायर पडली होती. चांगल्या कंपनीची, तांब्याची. म्हटलं, घरात गीझर हिच्यावर चालतो, चार्जरला काय झालं? इंजिनापासून मागच्या बॅटरीपर्यंत पाच मीटर. प्लस आणि मायनस दोन्ही पाइपात घातल्या आणि कार्पेटखालून नेल्या. फ्यूज? घातला की! ऐंशी अँपिअरचा, चार्जरच्या शेजारी, झाकण उघडलं की छान दिसेल असा.

आता आपण सगळे मिळून तो हिशेब करू, जो मी तेव्हा केला नाही. त्यासाठी तृतीय वर्ष लागत नाही, दहावीचं विज्ञान पुरतं.

चार्जर बाहेर देतो ३० अँपिअर, १४.४ व्होल्टला. म्हणजे ४३२ वॅट. त्याची कार्यक्षमता नव्वद टक्के धरली तर आत घ्यावे लागतात ४८० वॅट. आत मिळतात साधारण १२ व्होल्ट. म्हणजे आतला करंट ४० अँपिअर! 'तीसचा चार्जर' म्हटल्यावर आपण तीसच धरतो, तिथेच पहिली चूक. घरात हेच ४८० वॅट २३० व्होल्टवर दोन-सव्वादोन अँपिअरमध्ये भागतात. गीझरसुद्धा नऊ-दहा अँपिअरच घेतो. वाघ बिचारा करंट कमी खातो, मांजर चाळीस खातं. आणि वायर तापते ती करंटने, तीही करंटच्या वर्गाने. वायरीला व्होल्टेजशी देणंघेणं नसतं.

तांब्याची एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाडीची वायर म्हणजे ०.०१७२ ओहम. आमची वायर जाऊन-येऊन दहा मीटर (येणं विसरायचं नाही, मी विसरलो असतो), जाडी चार. म्हणजे ०.०४३ ओहम. दिसायला किती गरीब आकडा! त्याला ४० ने गुणा : १.७ व्होल्ट वाटेतच गेले. पुन्हा ४० ने गुणा : ६९ वॅट. आपल्या लॅबमधला सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. म्हणजे पावणेतीन सोल्डरिंग आयर्नची उष्णता मी मामीच्या पलंगाखालच्या कार्पेटमध्ये पसरवून ठेवली होती. दहा मीटरवर पसरलेली, हे खरं. पण पाइपात दोन वायरी चिकटून, वर कार्पेट आणि पुढचं टोक गरम इंजिनाजवळ. घरगुती पी.व्ही.सी. वायरीची मर्यादा ७० अंश.

आणखी एक बारकावा. साधा बल्ब असता तर व्होल्टेज कमी झाल्यावर तो मंद झाला असता, करंटही कमी घेतला असता. प्रकरण आपोआप थंडावलं असतं. चार्जर तसा नाही. तो हुशार आहे, आणि तीच अडचण आहे. त्याला ४८० वॅट हवेत म्हणजे हवेतच. व्होल्टेज कमी मिळालं की तो करंट वाढवतो. करंट वाढला की वायरीत आणखी व्होल्टेज पडतं, की तो आणखी करंट मागतो. शेवटी इनपुट फारच खाली गेलं की तो बंद पडतो. बंद पडला की करंट शून्य, वायरीतला ड्रॉप शून्य, व्होल्टेज पुन्हा वर. तो पुन्हा चालू. पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये याला 'निगेटिव्ह इन्क्रिमेंटल रेझिस्टन्स' म्हणतात. मी त्याच्यावर आठ मार्कांचं उत्तर लिहून आलो होतो.

पहिल्याच सहलीला चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये चार्जरचा दिवा लागायचा, विझायचा, लागायचा, विझायचा. मी मागे बसून ठाम निदान केलं, "मामा, चार्जर डिफेक्टिव्ह आलाय." मोकळा रस्ता लागल्यावर दिवा स्थिर झाला आणि मी निश्चिंत झालो. खरं तर धोका आता सुरू झाला होता. इंजिनाला फेऱ्या मिळाल्या, व्होल्टेज वर आलं आणि चार्जर तास-दीड तास न थांबता चाळीस ओढत राहिला.

ताम्हिणी उतरून आम्ही विळ्याच्या अलीकडे होतो. मामा काही न बोलता गाडी कडेला घेऊन थांबले. "वास येतोय," म्हणाले. मला येत नव्हता. मामीलाही नव्हता. एवढी वर्षं घाटात क्लच-ब्रेकचे वास ओळखणाऱ्या माणसाला आला होता. बॉनेट उघडलं. मी वायर जिथून पत्र्याच्या भोकातून आत घेतली होती, तिथे रबर बुश घालायचा आळस केला होता. उष्णतेने वायरीचं प्लास्टिक लोण्यासारखं झालेलं, पत्र्याच्या धारेने ते कापत आणलेलं, आणि आतलं तांबं चक्क चमकत होतं. बॉडीपासून एखादा मिलिमीटर. मामांनी पाना घेतला आणि आधी बॅटरीचं मायनस सोडवलं.

तो मिलिमीटर संपला असता तर? प्लस सरळ बॉडीला. चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रेझिस्टन्स काही मिलिओहम. शॉर्टमध्ये करंट हजाराच्या घरात जाऊ शकतो. आणि माझा तो देखणा फ्यूज? तो पाच मीटर मागे, चार्जरच्या शेजारी. हा करंट त्याच्यातून गेलाच नसता! बॅटरी आणि शॉर्ट यांच्या मध्ये काहीच नव्हतं. चार स्क्वेअरची वायर हाच फ्यूज झाली असती, आणि तिच्या शेजारी डिझेलचा पाइप.

मामी खाली उतरून झाडाखाली उभी होती. तिने इन्सुलिनच्या कुप्या पर्समधून आणलेल्या रुमालात गुंडाळल्या. माणगावला एका शीतपेयाच्या दुकानातून बर्फ घेतला, थर्मासमध्ये घातला, वर टॉवेल आणि मग कुप्या; इन्सुलिन गोठलं तरी फुकट जातं. दापोलीला न जाता आम्ही परत आलो. वाटेत कुणी मला एक शब्द बोललं नाही. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

आता भांडण. ते आपल्याशीच आहे. मी, तुम्ही, आपलं कॉलेज.

चार्जरच्या माहितीपुस्तिकेत वायरीच्या जाडीचा तक्ता होता. मी तो वाचलाच नव्हता. मी वाचलं होतं चार्जिंगचे टप्पे किती आणि ब्लूटूथ आहे का. कारण आपल्याला डब्यांचं वेड आहे. डब्यात डोकं आहे, वायरीत काय आहे? आपल्या प्रोजेक्ट प्रदर्शनात एकदा टेबलाखाली वाकून पाहा. वर मायक्रोकंट्रोलर, डिस्प्ले, मोबाइलवरून चालणारं सगळं. खाली पीळ देऊन जोडलेल्या वायरी, काळी टेप, आणि फ्यूज शोधून सापडत नाही. एक्स्टर्नल विचारतात, "कोड कुणी लिहिला?" आजपर्यंत कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही की "ही वायर एवढीच का?"

काही मित्र म्हणतील, "अरे, वायरिंग हे वायरमनचं काम. आपण डिझाइन करायचं." ठीक आहे. मग वायरीची जाडी ठरवणं हे डिझाइन नाही तर काय आहे? फ्यूज कुठे बसवायचा हे कोण ठरवणार? काकांना रिलेपुढचं माहीत नव्हतं, हे खरं. लिथियमने डायनामो कसा तापतो हे मी त्यांना नंतर समजावलं तेव्हा त्यांनी ते मन लावून ऐकलं. पण ज्या प्रश्नावर गाडी जळायची होती तो प्रश्न त्यांनी विचारला होता आणि मी, भावी इंजिनिअर, हसून उडवला होता. डिझाइन आपलं आणि वायरिंग त्यांचं, या वाटणीत मधली जबाबदारी कुणाचीच राहत नाही. आग तिथेच लागते.

म्हणून माझी एक साधी मागणी आहे. प्रोजेक्टच्या मार्कांतले पाच मार्क फक्त वायरिंगला द्या. ओरलला तीन प्रश्न सक्तीचे करा : करंट किती? वायर कुठली, आणि तीच का? फ्यूज कुठे, आणि तिथेच का? ज्याला ही तीन उत्तरं येत नाहीत त्याचा प्रोजेक्ट चालू करायचा नाही, मग तो मंगळावरून चालत असला तरी. इथून पुढे आपल्यातले निम्मे बॅटऱ्यांशीच खेळणार आहेत : ई-रिक्षा, सोलर, व्हॅन. तिथे व्होल्ट थोडे आणि अँपिअर भरपूर. आपली सगळी भीती मात्र अजून त्या २३० मध्येच अडकलेली आहे.

ज्यांना असं काम खरंच करायचं आहे त्यांच्यासाठी आम्ही दुसऱ्यांदा काय केलं ते सांगतो. तपकीर गल्लीतून सोळा स्क्वेअरची लवचीक तांब्याची केबल आणली. आता दहा मीटरचा रेझिस्टन्स ०.०१०८ ओहम, ड्रॉप ०.४३ व्होल्ट, उष्णता १७ वॅट. फ्यूज साठचे, दोन, प्रत्येक बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. कारण वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे आणि आग दोन्हीकडून येऊ शकते. फ्यूज चार्जरला वाचवण्यासाठी नसतो, वायरीला वाचवण्यासाठी असतो. म्हणून त्याचा आकडा नेहमीच्या करंटपेक्षा जास्त आणि वायर सोसेल त्यापेक्षा कमी. चार्जर मागच्या बॅटरीजवळ, हवा खेळेल अशा जागी, कारण त्याचे स्वतःचे पन्नासेक वॅट तापतात. इंजिन चालू असल्याची खूण देणारी बारीक वायर इग्निशनला, नाहीतर उभ्या गाडीत तो पुढची बॅटरी मागे ओतत बसेल. थिंबल पक्कडीने चेपायचे नाहीत, हायड्रॉलिक प्रेसने दाबायचे. ते दाबून दिले काकांनी. पत्र्याच्या प्रत्येक भोकाला रबर बुश. आणि फ्यूज सगळ्यात शेवटी घालायचा, सगळं तपासून झाल्यावर. हा सगळा जादा खर्च चार्जरच्या किमतीच्या पावपटसुद्धा झाला नाही.

दिवाळीनंतर मामा-मामी दोघंच दापोलीला जाऊन आले. मामीने फ्रीजच्या आकड्याचा फोटो पाठवला होता, ५ अंश. मामांची मात्र एक नवीन सवय झाली आहे. एस.टी.त असताना ते प्रत्येक स्टँडवर उतरून टायरवर हात मारून बघायचे. आता चहाला थांबले की बॉनेट उघडतात, त्या केबलवर हाताची पाठ टेकवतात आणि मला फोन करतात.

"इंजिनिअर, गार आहे रे."

सेमिस्टरचा निकाल लागल्यावर इतकं बरं वाटत नाही, जितकं हे ऐकून वाटतं.